तलावातला एक सेंटिमीटर

"चार! आजही बरोबर चार!" तलावाच्या पायरीवर पालथं पडून मोजपट्टी ओरडली. "सोमवारपासून पाणी रोज चार सेंटिमीटर उतरतंय!"

"मग शनिवारी आपण बोटीत बसायचं की चिखलातून घसरत जायचं?" लंबूने विचारलं.

"तू नुसता चिखलात आडवा पड. आम्ही तुझ्यावरून चालत पलीकडे जाऊ!" रेडिओ म्हणाली.

सुट्टीचा दुसरा आठवडा होता. मोजपट्टी बारा वर्षांची. दिसेल ती वस्तू मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. लंबू तिचा मावसभाऊ, सुट्टीपुरता राहायला आलेला. रेडिओ शेजारच्या घरातली. तिला बंद करण्याचं बटण अजून कोणालाही सापडलेलं नव्हतं. तिघांचा मुक्काम दिवसभर शहराच्या मोठ्या उद्यानात असे. तिथे काचघर होतं, वाद्यमंडप होता, वाचनकक्ष होता, धावण्यापेक्षा थांबण्यातच अधिक वेळ घालवणारी छोटी आगगाडी होती आणि पिण्याच्या पाण्याचे पाच नळ होते. त्यांपैकी दोन चालू. आता तलावात नौकाविहारही सुरू होणार होता. शनिवारी उद्घाटन!

तेवढ्यात पंपघराकडून चढा आवाज ऐकू आला. तिघंही कुंपणाच्या झुडपांआडून वाकून पुढे सरकली.

पंपघराच्या दारात उद्यानाचे अधीक्षक उभे होते. त्यांच्यासमोर, टोपी हातात धरून, पाणीकाका. उद्यानातलं सगळं पाणी, म्हणजे पंप, नळ, कारंजं आणि तलाव, एकतीस वर्षं काकांच्या हातून वाहत होतं. रोज सकाळी सात वाजता ते तलावाची पातळी पंपघराच्या दारावर खडूने लिहीत. दार भरलं की पुसत आणि पुन्हा वरून सुरुवात करत.

"एकतीस वर्षं झाली म्हणता, आणि तलावाचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा?" अधीक्षक गरजले.

"साहेब, मी तो बंदच ठेवतो. पण आत्ता बघितला तर उघडा होता, हे खरं. लगेच बंद केला."

"मग उघडला कोणी? माशांनी?"

"आठवत नाही, साहेब." काकांचा आवाज खाली गेला.

"शनिवारी पाणीपुरवठ्याच्या अभियंता येताहेत. त्यांच्यासमोर चौकशी होईल आणि सोमवारपासून तुमची बदली, शहराबाहेरच्या रोपवाटिकेत. इथे आता धड आठवण असलेला माणूस हवा!"

झुडपाआड मोजपट्टी उठायला गेली, पण पुन्हा खाली बसली. अधीक्षक ताडताड निघून गेले. काकांनी दार ओढून घेतलं आणि तेही गेले.

"बिचारे काका!" रेडिओ हळहळली. "पण एवढं कसं विसरले?"

"ते विसरले नाहीत," मोजपट्टी म्हणाली. "तो व्हॉल्व्ह मी फिरवला."

रेडिओ तब्बल पाच सेकंद गप्प राहिली. असं ह्यापूर्वी कधी घडलेलं नव्हतं.

वाद्यमंडपाच्या मागे बसून मोजपट्टीने सगळं सांगितलं. सोमवारी काकांनी तिघांना पंपघर दाखवलं होतं. मध्येच त्यांना कोणीतरी बाहेर हाक मारली. लंबू आणि रेडिओ पंपाची तबकडी बघण्यात गुंग होती. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी एक थेंब टपकत होता. मोजपट्टीला वाटलं, व्हॉल्व्हचं चाक सैल राहिलं असेल. घरच्या नळाप्रमाणे तिने ते उजवीकडे सात फेरे आवळलं. थेंब थांबला! आणि काकांचा एकच नियम होता, 'चाकाला हात लावायचा नाही', म्हणून ती कोणाला काही बोलली नाही.

"थांब, थांब!" लंबू ताठ बसला. "तू तो बंद केलास. सापडला उघडा. म्हणजे तुझ्यानंतर दुसऱ्याच कोणीतरी उघडला!"

"तेच तर!" मोजपट्टीचा चेहरा उजळला.

आपल्याला हवं असलेलं उत्तर मिळालं की ते तपासून पाहण्याची घाई सहसा कोणाला नसते. मोजपट्टीलाही नव्हती. पण रेडिओला नेहमीच घाई असे. "पुरावा हवा! वाचनकक्षात उद्यानाचा जुना नकाशा आहे ना? चला!"

नकाशा उंचावर टांगलेला होता. वाचनकक्षातल्या बाईंनी स्टूल दिलं आणि वर "आवाज नको" अशी तंबीही दिली. ती रेडिओकडे बघून दिली, हे सांगायला नकोच.

उद्यान होण्यापूर्वी तिथे दगडाची खाण होती. अर्ध्या शहराच्या भिंती त्या खाणीतून वर आल्या आणि मागे उरला एक प्रचंड खड्डा. खडकाला जागोजागी भेगा. त्यात पाणी टिकेना. तेव्हा तळावर दोन फूट चिकणमाती पसरून ती एक पूर्ण हंगाम तुडवून घेतली, आणि मग कुठे तलाव झाला. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना होत्या. त्या रेडिओने वाचल्या.

"'तळाच्या मातीत खुंटीदेखील ठोकू नये.' हं. पुढे. 'ह्या उद्यानातील सर्व व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवल्यास उघडतात व डावीकडे...'"

ती थांबली. पुढचे शब्द तिने अगदी हळू वाचले. "'...डावीकडे फिरवल्यास बंद होतात.'"

मोजपट्टीने स्टुलावर चढून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण थेंब थांबला होता ना?" लंबूने दबक्या आवाजात विचारलं.

"थांबला होता. का थांबला, मला माहीत नाही." मोजपट्टीचे कान लाल झाले होते. "थेंब थांबणं आणि व्हॉल्व्ह बंद होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मी त्या एकच धरल्या."

"मग जा आणि आत्ता सांगून टाक!"

"सांगते. पण आधी माझ्यामुळे नेमकं किती पाणी गेलं, ते मोजते."

त्यासाठी तिने दोन गोष्टी केल्या. पायरीवर खूण केली आणि तिच्याशेजारी, उथळ पाण्यात, काठोकाठ भरलेली एक बादली ठेवली. बादलीतून पाणी फक्त उन्हानेच उडणार. तेवढंच तलावातूनही उडणार. मोजमापाला चोवीस तास लागणार होते. चोवीस तास गप्प राहायला आपल्याला एक सभ्य कारण मिळालं आहे, हेही तिला पुरतं कळत होतं. रात्री ती दोनदा उठून पाणी प्यायली आणि दोन्ही वेळा नळ डावीकडे फिरवला की उजवीकडे, ते बघत राहिली.

शुक्रवारी अकरा वाजता लंबूने खुणेवर पट्टी धरली.

"तीन!"

"शक्य नाही. व्हॉल्व्ह बंद आहे," मोजपट्टी म्हणाली.

"मग तूच बघ. काकांच्या दारावरच्या आकड्यांतही कालपासून तीनचाच फरक आहे."

तीनच होते. बादलीतलं पाणी अर्धा सेंटिमीटर उतरलं होतं. मोजपट्टीने वही उघडली. आधी रोज चार जात होते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर तीन. म्हणजे व्हॉल्व्हमधून जात होता एक. ऊन नेतं अर्धा.

"उरलेले अडीच कुठे जाताहेत?" रेडिओने विचारलं. "आणि सोमवारपासूनच का?"

तिघांनी एकाच वेळी तलावाकडे पाहिलं. तिथे नौकाविहाराचा नवाकोरा धक्का होता आणि त्याखाली लोखंडाचे आठ खांब. रविवारी ठेकेदाराच्या माणसांनी ते ठोकले होते. सहावा तिरपा गेला म्हणून दोनदा उपटून पुन्हा ठोकला होता.

"'खुंटीदेखील ठोकू नये'!" लंबू पुटपुटला.

"पुरावा हवा," ह्या वेळी मोजपट्टी म्हणाली. "रेडिओ, तुझी दुधाची बाटली दे."

"माझं दूध?"

"तसंही तू ते रोज झाडाला घालतेस!"

तिघं धक्क्यावर पालथी पडली. पहिल्या खांबाशी दुधाचे थेंब सोडले. ते ढगासारखे पसरून राहिले. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा... तसंच. सहाव्या खांबाशी मात्र दुधाचा पांढरा धागा झाला, खांबाला चिकटून सरळ खाली गेला आणि तळाशी नाहीसा झाला.

"गिळलं!" रेडिओ किंचाळली. "तलावाने माझं दूध गिळलं!"

धावत जाऊन त्यांनी ही हकिगत अधीक्षकांच्या कानी घातली. अधीक्षकांनी कागदावरून मान वर केली नाही. "बाळांनो, आगगाडीत बसा जा." तिथेच बसलेला ठेकेदार तर खो खो हसला. "खांब? फूटभर रुतवलेत फक्त! मातीला ओरखडासुद्धा नाही!"

"खोटं बोलतोय," बाहेर आल्यावर लंबू म्हणाला.

"आपण म्हणून काय उपयोग? तो स्वतः म्हणाला पाहिजे," मोजपट्टी म्हणाली. दोघांनी रेडिओकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी अभियंताबाई आल्या. हातात वही, पायात चिखलाचे बूट. अधीक्षक, ठेकेदार आणि टोपी हातात धरलेले पाणीकाका धक्क्यावर उभे होते. अधीक्षकांनी बोलायला सुरुवात करण्याआधीच रेडिओ पुढे झाली आणि तिने अत्यंत भाबडा चेहरा केला.

"ठेकेदारकाका, आई मला बोटीत बसू देत नाही हो! म्हणते, बोट आदळली की ते खांब पडतील. फूटभर रुतवलेल्या खांबांचा काय भरवसा?"

"पडतील?" ठेकेदाराला भलताच राग आला. "आईला सांग, एकेक खांब पाच फूट आत ठोकलाय! पाच! हत्ती बांधला तरी हलायचा नाही!"

अभियंताबाईंची पेन्सिल थांबली. "किती म्हणालात?"

ठेकेदार दोन पावलं मागे सरकला. मग एकदम बोलणारे बरेच जण झाले. लंबूने नकाशावरून उतरवून घेतलेल्या सूचना दाखवल्या. मोजपट्टीने वही दिली. रेडिओने उरलेलं दूध दिलं. बाईंनी स्वतः सहाव्या खांबाशी थेंब सोडले आणि पांढरा धागा तळाशी जाईपर्यंत त्या गुडघ्यांवर बसून राहिल्या.

"सगळे खांब आजच काढायचे, भोकं मातीने भरायची," त्या उठून म्हणाल्या. "नौकाविहार बंद. आणि नकाशा न बघता परवानगी कोणी दिली, ते मला लेखी हवंय."

अधीक्षकांनी घाम पुसला. "मी म्हणतच होतो, आपले काका चुकायचे नाहीत! त्या व्हॉल्व्हचं आता सोडून देऊ. सगळं पाणी खांबांनीच नेलं, असं लिहू या."

बाईंनी आपली वही मिटायला घेतली. मोजपट्टी एक पाऊल मागे सरकली. आता गप्प राहिलं की झालं! काकांची बदली टळली होती, कोणी काही विचारत नव्हतं.

"नको, साहेब," पाणीकाका म्हणाले. "खांबांचं खांबांपाशी. व्हॉल्व्ह उघडा राहिला तो माझ्याच हातून. माझी बदली होऊ द्या. ज्याला आपण काय केलं ते आठवत नाही, त्याने एवढ्या पाण्यापाशी राहू नये."

"एक सेंटिमीटर माझा आहे!"

हे आपणच ओरडलो, हे मोजपट्टीला जरा उशिरा समजलं. सगळे तिच्याकडे वळले.

"चाक मी फिरवलं. सोमवारी. उजवीकडे, सात फेरे. मला वाटलं बंद होतंय. आणि गुरुवारी साहेब तुम्हाला बोलत होते, तेव्हा मी त्या झुडपाआड होते, काका. मी सगळं ऐकलं आणि... आणि काही बोलले नाही."

काका तिच्यासमोर येऊन वाकले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी बंद केला होता?"

"हो, काका."

"रविवारी संध्याकाळी? डावीकडे, शेवटी जोर देऊन?"

"हो!"

काका धक्क्याच्या पायरीवर बसले. "दोन दिवस मी घरचा गॅस तीनतीनदा बघतोय," ते म्हणाले. "बायकोला म्हटलं, चाव्या तू ठेव, माझं डोकं आता गेलं." आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बदलीच्या भीतीपेक्षा ही दुसरीच भीती काकांना पोखरत होती, हे मोजपट्टीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते हसू तिला बघवेना.

"रागवा ना मला!"

"रागावणार आहे. आधी जरा हसू दे." त्यांनी डोळे पुसले आणि आवाज खरोखरच कडक केला. "न विचारता चाकाला हात लावलास, ही एक चूक. झुडपाआड गप्प बसलीस, ही दुसरी. पहिली मी विसरून जाईन. दुसरी तू विसरू नकोस."

मोजपट्टीने मान हलवली.

अभियंताबाईंनी तिची वही परत केली. "मोजमाप चोख आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कार्यालयातही इतक्या नीट नोंदी कोणी ठेवत नाही. त्यातून स्वतःविरुद्ध जाणारा आकडा तू खोडला नाहीस. अहवालात तो एक सेंटिमीटर येईल, आणि तो कोणी शोधला तेही येईल."

अधीक्षकांनी खिशातला बदलीचा कागद काढून चार तुकडे केले आणि काकांसमोर मान खाली घालून "चुकलो" म्हटलं. मग जमलेल्या लोकांसमोर त्यांनी तिन्ही मुलांची तोंड भरून स्तुती केली. लंबूने कमरेत वाकून मुजरा केला. रेडिओने तर भाषणच सुरू केलं.

मोजपट्टी मात्र पायरीवर काकांशेजारी बसली होती. "काका, ते दोन दिवस... ते मी कसे भरून देऊ?"

"ते भरून निघत नाहीत," काका सरळ म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि धक्क्यावरचा जाड दोर तिच्याकडे सरकवला. "पण आठ खांब उपटायचेत, आणि ओढायला हात कमी आहेत. धर ते टोक. आणि मी सांगेपर्यंत ओढू नकोस."

तिने दोर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि ती काकांच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.