भरलेल्या घागरीचा आवाज

भाताचं मोठं पातेलं आणायला संयोगिता खाली दुकानात उतरली, तेव्हा आत कुणीतरी भांडी ठोकून बघत होतं.

शिवाजीनगरातलं त्यांचं तांब्यापितळेचं दुकान दुपारी बंद असायचं. शटर ओढलेलं, काळोख, चिंचेचा आंबूस वास.

टण्... टण्...

बोटाच्या पेरानं, सावकाश. ही तिच्या सासऱ्यांची, व्यंकोजींची सवय. भांडं चिरलेलं की भरलेलं, ते आवाजावरून ओळखायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

आवाज तांब्याच्या घागरीपाशी आला. बद्द... बद्द...

तिनं घागर उलटी केली. आत थेंब नव्हता.

आता तोच आवाज वरून येऊ लागला. ती धावत जिना चढली. नवरा यशोवर्धन नेहमीसारखा बसूनच झोपला होता. महिनाभर त्याला आडवं होता येत नव्हतं; दम लागायचा, संध्याकाळी ताप चढायचा.

"पाठीवर काय ठोकतेस गं?" तो डोळे मिटूनच म्हणाला.

ती अजून दारातच होती.

मग तिनं स्वतः ठोकून पाहिलं. डावीकडे पोकळ. उजवीकडे, खाली... बद्द.

"दवाखान्यात नको," सासूबाई, जमनाबाई, कुजबुजल्या. "सुई घालून पाणी काढतात. माणूस खचतो. ह्यांना नाही काढू दिलं मी."

"मग मामंजी वाचले का?"

जमनाबाई स्वयंपाकघराकडे वळल्या. "स्वल्प थांब, थोडंसंच... काढा करते."

"तेव्हा थांबलात, आत्याबाई. आता मी थांबणार नाही."

तिनं ऑटो बोलावली.

डॉक्टर चंदनांनीही आधी पाठीवर बोटांनी ठोकलं. मग फुफ्फुसाभोवतीचं पिवळसर पाणी बाटलीत उतरलं, दीड लिटर. "टीबीमुळे साचलंय," तपासणीनंतर त्या म्हणाल्या. "हृदय, किडनी, न्यूमोनिया, कॅन्सर, कशानंही साचतं. म्हणून तपासायलाच हवं. आणखी थांबला असतात तर श्वास कोंडला असता. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या."

आठवड्यानं घरी आल्यावर यशोवर्धन पाठ टेकून झोपला. संयोगिता मुद्दाम दुकानात उतरली. घागर ठोकली. टण्ण!

"ऐकलंत, मामंजी? हा नाही मिळायचा तुम्हाला!"

 जिन्याच्या पायऱ्या करकरल्या. मग वरून...

बद्द... बद्द...

"कोण गं?" जमनाबाईंची हाक आली. "पाठीवर कोण ठोकतंय?"

"चपला घाला, आत्याबाई!" जिना चढता चढता संयोगिता ओरडली. "आत्ताच निघायचं!"

दारात पोचली आणि तिचे पाय थबकले.

जमनाबाई भिंतीला पाठ घट्ट लावून बसल्या होत्या. आवाज थांबला नव्हता.