फार्महाउसचं पुढचं दार

घर इंग्लंडच्या एका खेड्यातलं, चारशे वर्षांचं. त्याचा ओकचा सांगाडा चुलीसकट सुटा करून कंटेनरमधून सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या गोदामात आणला होता आणि पुन्हा उभा केला होता. आता त्याचं रेस्टॉरंट व्हायचं होतं. प्रियदर्शिनी त्या दुपारी आली होती ती नुसते सांधे तपासायला. इंजिनियरचं रोजचंच काम.

खुंट्या घट्ट, तुळया सरळ. मधोमध आडवा बोळ. डावीकडे मालकांची बैठक आणि तिच्यात माणूस उभा राहील एवढी चूल, उजवीकडे दूधघर. दूधघराला मागून एक दार, छातीइतकं बुटकं. गडीमाणसांसाठी.

"ताई, मागूनच या," साइट सुपरवायझर अनीश म्हणाला. "पुढचं दार डोकी फोडतंय. कामगारांची हेल्मेटं बघा एकेकाची."

तिनं पुढच्या दाराला टेप लावला. "अरे, दोन मीटर उंच आहे. तू केवढा?"

"तेच तर! सकाळी रेस्टॉरंटचे मालक ताठ मानेनं आत गेले, केसालाही धक्का नाही. घराला धनी आणि नोकर बरोबर कळतात, लाह." सिंगापुरी शेपूट जोडून तो हसला, मग त्याचा आवाज उतरला. "ते म्हणाले, रिपोर्टात लिहा, वेटर-कामगारांनी मागच्याच दारानं यायचं. कायमचं."

प्रियदर्शिनीनं बुटक्या दाराकडे पाहिलं. तिथून जायचं तर कमरेत वाकणं आलंच.

"असली दारं गावाकडे आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलीत," ती म्हणाली. "ते मी लिहिणार नाही."

ती पुढच्या दारात शिरली. गोदामातल्या पंख्यांची घरघर एकदम विझली. आंबलेल्या दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. मानेवर कुणीतरी तळवा ठेवला आणि दाबू लागलं... सावकाश, सवयीच्या हातानं.

"मी वाकत नसते."

खाडकन काहीतरी आदळलं. हेल्मेट उडून घरंगळत गेलं.

"ताई... पुरे."

तिनं हेल्मेट उचललं, पट्टा आवळला आणि पुन्हा गेली. मानेच्या शिरा तटतटल्या. वरची तुळई दुखऱ्या माणसासारखी कण्हली... आणि भार सुटला. ती आत उभी होती. ताठ.

"अनीश, बोलाव सगळ्यांना!" दाराला पाठ लावून तिनं ते उघडं धरलं.

अनीश हलण्याआधीच तिच्या बाहीला कुणीतरी घासून गेलं. मग आणखी कुणी. दिसत मात्र कुणीच नव्हतं. जड बुटांची पावलं, दमलेले श्वास... रांगच लागली होती. दार तिनं सोडलं नाही.

"या," ती म्हणाली. "या, आत या."

"कुणाशी बोलताय, ताई...?"

सगळ्यात शेवटी एक गार, इवला हात तिच्या हातात आला. तिनं तो धरला. थोड्या वेळानं तिनं बोटं सोडवू पाहिली, तर पकड घट्ट झाली... आणि तो तिला बैठकीकडे, मालकांच्या चुलीकडे ओढू लागला. गोदामात आल्यापासून ज्या चुलीत काडीसुद्धा पेटली नव्हती, तिथे निखारे लाल झाले होते.