दोघेही सुखरूप

नदीची पातळी मोजणारा एक तरुण आणि त्याचा स्वयंपाक सांभाळणारा म्हातारा सोबती घळीतल्या मोजणी-खोलीत अडकले होते. त्यांना बाहेर काढायला चौघं सकाळी सहाला निघाली. वाट अकरा किलोमीटरची, त्यातली निम्मी दरडीखाली. पुढे तुकडीप्रमुख, मागे दोरवाला आणि नर्सबाई. चौथी त्या तरुणाची थोरली बहीण.

"तुम्ही इथेच थांबा, ताई," प्रमुख म्हणाला होता.

"नेलं नाहीत तर एकटी येईन."

तिचा हट्ट का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वादळाच्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन थांबेनात, आईचा जीव कासावीस झाला. आईला झोप लागावी म्हणून, काहीच खबर नसताना, हिने गावाच्या ग्रुपवर टाकलं : 'आमचा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे काका, दोघेही सुखरूप.' नियंत्रण कक्षातल्या कारकुनाने तो मजकूर वाचून बेपत्तांच्या यादीतून दोन्ही नावं काढली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर शेजारच्या घळीकडे गेलं. संध्याकाळी, भावाला कधी आणणार हे विचारायला ती कक्षात गेली, तेव्हा कारकुनाने तिचाच मजकूर तिच्यापुढे धरला.

पहिली दरड त्यांनी हातापायांवर ओलांडली. चिखलात उपटलेली झाडं उलटी उभी होती आणि त्यांच्या मुळांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"नर्सबाई, जपून! तुम्ही पडलात तर मलमपट्टी कोण करणार?" दोरवाला म्हणाला.

"तुझ्या हातची नको रे बाबा. त्यापेक्षा पडूनच राहीन!"

बहीण हसली नाही. ती मोजून पावलं टाकत होती.

ओढ्याशी सगळे थबकले. पाणी कमरेच्या वर होतं. दोरवाला आधी उतरला. दोर ताणला गेला. मग नर्सबाई. मग बहीण. मध्यावर तिचा पाय सुटला! पाणी तोंडावरून गेलं. प्रमुखाने तिला दंडाला धरून खेचलं आणि ती खोकत खोकत पलीकडे लागली.

मोजणी-खोली जागेवर नव्हती. नुसता चौथरा उरला होता. पण वरच्या कपारीत निळी ताडपत्री हलत होती.

भाऊ जिवंत होता! त्याचा पाय मोडला होता. म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

नर्सबाईंनी म्हाताऱ्याची मान चाचपली आणि हात मागे घेतला.

"पहाटे गेले," भाऊ म्हणाला. "काल हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा शर्ट काढून हलवत होते. ते वळलं. तर मलाच म्हणाले, नोंदीत काहीतरी चुकलं असेल, येतील."

"नोंद नाही चुकली," बहीण म्हणाली. "मी चुकले."

भाऊ काकांना सोडून हलायला तयार नव्हता. प्रमुख त्याच्यासमोर उकिडवा बसला. "दोर एक आहे आणि पाणी चढतंय. तुला पाठीवर घ्यायचंय. त्यांना आज नेलं तर आपल्यातला कुणीतरी जाईल." त्यांनी म्हाताऱ्याला ताडपत्रीत गुंडाळून कपारीत बांधलं. गाठी बहिणीने मारल्या.

ओढा ओलांडून वर खिंडीत आल्यावर वायरलेस लागला. प्रमुखाने कळवलं : एक जिवंत, एक मृत.

"त्यांच्या बायकोला कुणी काही कळवू नका," बहीण म्हणाली. "मी सांगेन. समोर जाऊन."

प्रमुखाने तसा निरोप दिला. भावाला घेऊन तिघं सावकाश उतरू लागली. ती थांबली नाही. निसरड्या उतारावरून पडत, उठत, पुन्हा पडत ती संध्याकाळी गावात पोहोचली.

म्हाताऱ्याची बायको दारातच उभी होती, हातात फोन. कारकुनाने निरोप पाळला होता, मृत्यूबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. गाव धीर धरून बसलेलं, म्हणून त्याने ग्रुपवर एवढंच टाकलं होतं : 'मोहीम यशस्वी!'

"आत्ताच वाचलं गं बाई!" तिने बहिणीचे चिखलाने भरलेले हात आपल्या हातांत घेतले आणि तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "किती मागे आहेत ते?"