मागच्या बाकांसाठी मीठ

काडेपेटी सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालायचं, काडेपेटी हवीच. मुलांनी ठेवलेलं ते नाव शाळेत असं काही रुळलं होतं की सरांच्या नावे नोटीस काढायची झाली तर मुख्याध्यापिकाबाईंना खरं नाव आठवायला क्षणभर छताकडे बघावं लागे. सर सिगारेट ओढत नसत. काडी लागायची ती फक्त शिकवायला. एकदा त्यांनी ओल्या लाकडाला नुसतं समजावून सांगून पेटवलं, अशीही एक अफवा होती, आणि सरांनी ती कधी खोडून काढली नव्हती.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला. टेबलावर जुने काळे डाग, जन्मापासून ठिबकणारा एक नळ, कपाटाच्या काचेमागे बाटल्यांच्या रांगा आणि या सगळ्यावर स्पिरिटचा गोडसर वास. तिथे आठवीचा वर्ग बाकांवर दाटीवाटीने बसला की सर हात चोळत उभे राहायचे.

"आग मोठी नखरेल असते," ते म्हणायचे. "तिला तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही एकदम लागतात. जळायला इंधन. हवेतला ऑक्सिजन. आणि पेट घ्यायला पुरेल एवढी उष्णता. ज्या तापमानाला वस्तू पेट घेते तो तिचा ज्वलनांक. तिन्हींतलं एक काढून घ्या, आग रुसून निघून जाते."

मग रुमाल निघायचा. पांढरा, सुती, कडेला निळी रेघ. अर्धं स्पिरिट आणि अर्धं पाणी अशा मिश्रणात तो बुडवायचा, पिळायचा, लांब चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. रुमालाभोवती ज्वाळा लपेटली की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकायची. थोड्या वेळाने ज्योत आपोआप विझायची आणि रुमाल जसाच्या तसा लोंबकळत राहायचा.

"जळलं कोण?"

"स्पिरिट!"

"वाचलं कोण?"

"रुमाल!"

"आणि वाचवलं कोणी?"

"पाण्यानं!" अख्खा वर्ग ओरडायचा.

"शाब्बास. पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते. कापड ज्वलनांकापर्यंत पोचतच नाही. जोवर ओल आहे, तोवर कापडाला भीती नाही."

त्या रुमालाने दरवर्षी असा पेट घेतला होता आणि त्याचं एक सूत करपलं नव्हतं. मधल्या काळात तो घरचा रुमाल असायचा. सरांच्या लेकीच्या लहानपणी तिचं नाक, डोळे आणि गुडघे त्यानेच पुसले होते. पुसायची तिची आई.

ही आई म्हणजे प्रयोगशाळेच्या बाई. बाटल्या धुणं, द्रावणं बनवणं, फुटलेल्या परीक्षानळ्यांबद्दल कुणालाही न ओरडणं, हे सगळं त्यांच्याकडे. शाळेत त्या सरांना सर म्हणायच्या आणि घरी अहो, पण भांडायच्या दोन्हीकडे सारख्याच. भांडणाचं कारणही कायम एकच. चिमूटभर मीठ.

स्पिरिटची ज्योत निळी असते, आणि उजेडात इतकी फिकी की लांबून दिसत नाही. मीठ पडलं की ती पिवळीधमक होते. सरांना निळीच हवी असे. बाई मिश्रण तयार करताना गुपचूप मीठ टाकत.

"मीठ घातलं की ती स्पिरिटची ज्योत राहत नाही, मिठाची होते," सर कुरकुरायचे. "शास्त्रात लुडबुड नको."

"तुमची शास्त्रशुद्ध ज्योत पहिल्या बाकाला तेवढी दिसते. मागच्यांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून बाई खिडकीबाहेर बघत राहायच्या, जणू मिठाशी आपली ओळखदेख नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजार लांबला नाही, कुणाला तयारी करायलाही वेळ मिळाला नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लेक भिंतीला टेकून रडत होती. सर उठले, कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता तो घट्ट पिळून बंद केला आणि परत येऊन बसले.

"बाबा," लेक म्हणाली, "आई गेली. आणि तुम्हाला नळाचं सुचतंय?"

सरांनी ओला हात पँटला पुसला.

"एक टिपूस नाही तुमच्या डोळ्यांत. तुम्ही माणूस आहात की विज्ञानाचं पुस्तक?"

ती आपल्या गावी गेली ती गेलीच. फोन नाही, निरोप नाही. सर घरी एका माणसापुरता स्वयंपाक करायला शिकले, म्हणजे करपवायला शिकले. ज्वलनाचा जन्मभराचा अभ्यास पोळलेल्या कढईपुढे कामी आला नाही. रडू मात्र आलं नाही. खूप वाट पाहिली त्यांनी त्याची, स्टेशनवर उशिरा येणाऱ्या पाहुण्याची पाहावी तशी.

वर्ष पुढे सरकलं आणि ज्वलनाचा धडा आला. मिश्रण सरांनी स्वतः बनवलं. काडी लावली. ज्योत निळी, जवळजवळ न दिसणारी, त्यांना हवी होती अगदी तशी.

"सर, पेटलाच नाही!" मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

सरांनी तोंड उघडलं तेवढ्यात रुमालाच्या खालच्या कडेला एक पिवळा ठिपका दिसला. तो रुंद झाला. सावकाश वर चढला. पाहता पाहता सगळी ज्योत पिवळी झाली.

"आता दिसतंय," मुलगी म्हणाली.

तास सुटल्यावर सरांनी नव्या बाईंना गाठलं. या बाई आधी शाळेच्या कार्यालयात होत्या. प्रयोगशाळेत बदली झाल्यापासून प्रत्येक बाटलीकडे भुंकणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तशा बघत.

"मीठ टाकलंत तुम्ही?"

"मी? सर, तुम्हाला विचारल्याशिवाय मी इथे शिंकतसुद्धा नाही."

सर हाडाचे शिक्षक. त्यांनी भांडी धुतली, पाणी बदललं, स्पिरिटची नवी बाटली फोडली. बाजारातून एक नवा रुमाल आणला आणि दोन्ही रुमाल एकाच मिश्रणात बुडवून पेटवले. नव्याची ज्योत निळी. बाईंच्या रुमालाची पिवळी. म्हणजे मीठ मिश्रणात नव्हतं, कापडात होतं. मग त्यांनी रुमाल शुद्ध केलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळला, इस्त्रीखाली कडकडीत वाळवला, काचेच्या बुचाच्या बरणीत घातला आणि बरणी कपाटात बंद करून किल्ली घरी नेली.

सकाळी येऊन पाहिलं. रुमाल ओला होता.

बूच घट्ट होतं. बरणी बाहेरून कोरडी होती. आत रुमाल मऊ, दमट, कुणाच्या तरी मुठीतून नुकताच सुटल्यासारखा. सरांनी तो वाळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. त्यांनी बरणी बदलली, कपाट बदललं. रुमालाने आपला स्वभाव बदलला नाही.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

"रविवारी येतेय. आईचा तो रुमाल तेवढा द्या मला."

"तो... तो जरा..."

"बाकी काही नको, बाबा."

बाकी काही, म्हणजे त्यात आपणही आलो, हे सरांना बरोबर कळलं. रुमाल द्यायचा आणि दार लावून घ्यायचं. पुन्हा ती कशाला येईल? आणि द्यायचा तरी कसा? काय सांगून?

शुक्रवारी आठवीच्या दुसऱ्या तुकडीचा तास होता. सरांनी ठरवलं होतं की नवा रुमाल वापरायचा. पण हात बरणीकडे गेला. शेवटचं एकदा पाहून घेऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नव्या बाईंनी मिश्रणाचं भांडं तयार ठेवलं होतं. सरांनी रुमाल वाळवून घेतला, त्यात बुडवला, पिळला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली.

भक्कन आवाज झाला.

ज्वाळा एकदम छतापर्यंत उसळल्यासारखी वाटली. सरांच्या भुवयांना धग लागली. आणि त्यांची नजर टेबलावर गेली. मिश्रणात घालायचा पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला, तसाच उभा होता.

पाणी घातलंच नव्हतं. निव्वळ स्पिरिट.

आता कापड जळणार. ते त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. इंधन आहे, हवा आहे, उष्णता आहे आणि ओल नाही. वाळूची बादली पायाशी होती, पण चिमटा धरलेला हात हलेना. लेकीचा रुमाल. रविवारी काय देणार तिला? चिमूटभर राख?

तेव्हा खालची कड पिवळी झाली.

पिवळेपणा वर चढला. ज्योत खाली बसत गेली, ओरडणाऱ्या पोराच्या पाठीवरून कुणी हात फिरवावा तशी.

विझली.

रुमाल पांढराशुभ्र होता. त्याच्या टोकातून ट्रेमध्ये थेंब पडत होते. टप. टप.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"बाई," सरांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही, "पाणी किती घातलं होतं?"

"पाणी? छे हो, सर," नव्या बाई म्हणाल्या. "भेसळ आपल्याला जमत नाही. शुद्ध दिलंय."

वर्ग रिकामा झाला. प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नाही, हा नियम दारावर सरांनीच लिहून लावला होता. त्यांनी ट्रेमधल्या थेंबाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

खारट.

आणि कोमट. आगीतून आलेलं पाणी चटका देतं. हे अंगाइतकंच ऊन होतं.

रविवारी दुपारी लेक आली. खुर्चीच्या कडेवर बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. बरणी टेबलावर होती. सर समोर बसले आणि त्यांना माहीत असलेल्या एकाच पद्धतीने त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी साहित्य. मग कृती. मग निरीक्षण. दोन रुमाल, दोन ज्योती, बंद बरणी, निव्वळ स्पिरिट, थेंब. लेक आधी वैतागून ऐकत होती, मग नुसती ऐकत होती.

"आणि निष्कर्ष?" तिने विचारलं.

"निष्कर्ष," सर म्हणाले. "निष्कर्ष असा की..."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "निष्कर्ष..." आणि उशिरा येणारा पाहुणा अखेर आला. सर ओठ घट्ट मिटून बसले होते, पण पाणी गालांवरून, हनुवटीवरून, शर्टाच्या खिशातल्या काडेपेटीवर ठिबकू लागलं. हा नळ पिळून बंद होण्यातला नव्हता.

लेकीची पर्स खाली पडली. तिने बूच काढलं, रुमाल ओढून घेतला आणि बापाचं तोंड पुसलं. आई तिचं पुसायची तसंच, जरा जोरातच.

"पुरे आता. बाबा, पुरे." तिने पुन्हा पुसलं. पुन्हा. मग तिचा हात थांबला.

"बाबा, हा ओला होता म्हणालात ना?"

"आहेच. सकाळी पाहिला मी."

तिने रुमाल त्यांच्या हातात दिला. कडकडीत कोरडा होता. इस्त्रीखालून आत्ताच काढल्यासारखा. सरांनी तो ओल्या गालावर दाबून धरला आणि काढला. गाल कोरडा झाला. रुमाल कोरडाच. लेकीचे डोळे भरून आले होते, तिने ते टिपले. तिचं पाणीही गेलं. ते रुमालात नव्हतं.

"जातंय कुठे?" ती हळूच म्हणाली.

पाणी नाहीसं होत नसतं, हे सर सातवीतच शिकवतात. ते उठले. खिशातली काडेपेटी काढून त्यांनी नळाखाली धरली आणि काड्यांचा गूल विरघळून पाण्यात लाल उतरेपर्यंत तशीच धरून ठेवली. कोरड्या कापडाला भीती असते.

"रुमाल इथेच असू दे," मागून लेक म्हणाली. "मी पुढच्या रविवारी येते. ऐकताय ना? बाबा?"

मग तिचा आवाज बदलला. "बाबा, इकडे या जरा."

रुमाल टेबलावर सपाट अंथरलेला होता. त्याच्या मधोमध, शेजारी शेजारी, दोन उथळ खळगे पडले होते. दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर असतं, तेवढ्याच अंतरावर. दोघं बघत असतानाच डावीकडचा थोडा खोल झाला, आणि मग उजवीकडचा, पलीकडून कुणीतरी एकेक डोळा नीट टिपून घ्यावा तसे.