थेट वाटेचे अकरा निरोप

प्रतीक्षाची आणि सुहासची पहिली भेट झाली ती एका यादीत.

तळेगावच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये दिवसभर पोरांनी जाळलेले फ्यूज बदलायचे आणि घरी आलं की गॅलरीतल्या टेबलाशी रेडिओ लावून बसायचं, हा प्रतीक्षाचा तीन वर्षांचा नेम. हौशी रेडिओचा रीतसर परवाना होता तिच्याकडे. कॉम्प्युटरवर टाईप केलेलं रेडिओवरून या घरातून त्या घरात उड्या मारत जायचं. इंटरनेट नको, टॉवर नको. असं प्रत्येक घर म्हणजे एक नोड, आणि मावळात ते मोजून सहा. रोज ती यादी मागवायची – कोण चालू आहे, कुणाकडे कुठून वाट जाते. तीन वर्षं तीच सहा नावं.

जुलैतल्या एका संध्याकाळी, बाहेर झड लागलेली असताना, यादी सात ओळींची आली. चहाचा कप तिच्या ओठांशीच थांबला. ‘लोणावळा – सुहास.’

“आपण कोण?” तिने टाईप केलं.

“सुहास. एका रिसॉर्टवर इलेक्ट्रिशियन आहे. तुम्ही पोलिसांत आहात का?”

“नाही. का?”

“नमस्कार-चमत्कार न करता एकदम जबानीच घेताय, म्हणून म्हटलं.”

ती एकटीच खुदकन हसली, आणि आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं.

मग रोजचंच झालं. पंधरा दिवसांत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एकदा त्याने लिहिलं, “एवढं बोलतो आपण, आणि माझ्याकडे तुझा फोन नंबरसुद्धा नाही…”

“मागून बघ ना.”

“मी का मागू? जो आधी मागेल, तो हरला.”

“कबूल!”

इतक्यात पडद्यावर तिसरीच ओळ उमटली. “लेकरांनो, जरा आवरतं घ्या. तुमचं समदं माज्या घरावरनं जातंय, आन् मला वाचाया येतंय.”

प्रतीक्षाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सखारामआबा! पवनेच्या धरणावरच्या टेकाडावर राहणारे, मासेमारी करून साठाव्या वर्षी परवाना काढणारे आबा. मधल्या डोंगरांमुळे लोणावळ्याहून तळेगावला थेट काही पोचत नसे. सगळं आबांकडून वळून यायचं. हे तिला पाठ होतं, आणि नेमकं तेच ती महिनाभर विसरली होती. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, पण इतका?

सप्टेंबरात हैदराबादहून पत्र आलं. मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम. जायचं तिला होतंच. पण कुणीतरी ‘नको जाऊ’ म्हणावं, असंही फार वाटत होतं. तिने आबांच्या नोडवरच्या निरोपांच्या पेटीत सुहाससाठी निरोप टाकला – “हैदराबादची नोकरी घेऊ का? शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचंय. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.”

उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस… नऊ दिवस.

आधी तिला राग आला. मग रडू आलं. नंबर मागावा, हरले म्हणावं, असंही मनात आलं. पण ज्याला साधं ‘जा’ म्हणवत नाही, त्याच्यापुढे कशाला हरायचं? शनिवारी सकाळी ती होकार कळवायलाच बसली होती. तरी तिला राहवेना. माईक उचलून तिने पवनानगरला आबांना हाक दिली.

“आबा, लोणावळा बंद आहे का हो?”

“न्हाई गं. त्याचं यंत्र तर दिसातनं धा येळा तुलाच काय बाय धाडतंय, मला दिसतंय हितनं. पर माज्याकडनं जात न्हाई त्याचं. थेट धाडतोय.”

“थेट? थेट कसं पोचेल?”

“मला काय ठावं? तू शिकल्याली हायेस, तूच बघ.”

ती आबांच्या नोडवरून सुहासच्या नोडमध्ये शिरली आणि त्याच्या वाटांची यादी मागवली. ओळी उमटल्या. पवनानगरची वाट – दर्जा एकशे ब्याण्णव. खाली तळेगाव – प्रतीक्षा, थेट. दर्जा दोनशे पंचावन्न!

दोनशे पंचावन्नच्या वर आकडाच नसतो. शिवाय पुढे उद्गारचिन्ह होतं, म्हणजे वाट कुलूपबंद. हा आकडा यंत्राने दिलेला नव्हता, माणसाने हाताने घातला होता. आता त्याचं यंत्र तिच्यासाठीचा प्रत्येक शब्द त्याच ‘सर्वोत्तम’ वाटेने डोंगरावर आपटत राहणार, आणि आबांच्या खात्रीच्या वाटेकडे ढुंकूनही बघणार नाही. नवशिक्याची चूक! पण नऊ दिवस?

तिने त्याची पेटी उघडली. तिच्या नावाचे अकरा निरोप तिथेच अडकून पडले होते.

पहिला – “नको जाऊ.”

दुसरा – “तो निरोप स्वार्थीपणाचा होता. पण नको जाऊ.”

चौथा – “हरलो मी. नंबर दे.”

सातवा – “रागावलीस? तुझा निरोप आला त्याआधी दोन दिवस तुमच्याकडे लाईट नव्हती, तेव्हा तुझं नाव माझ्या यादीतून गळून पडलं होतं. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी तुझ्या नावाला कुलूप घातलं, पुन्हा कधी गळू नये म्हणून. आता नाव आहे, आणि तू नाहीस.”

तिच्या डोळ्यांपुढची अक्षरं विरघळली. ज्या कुलपाने त्याचं तोंड बंद केलं होतं, ते त्याने मायेनेच घातलं होतं… वेडा! ठार वेडा!

अकरावा, काल संध्याकाळचा – “तुझा अँटेना बिघडला असणार, माझं पोचतंय पण तुझं निघत नाहीये. दुसरा घेऊन उद्या साडेदहाला तळेगाव स्टेशनवर येतो. अकराच्या गाडीपर्यंत थांबेन. आली नाहीस, तर उत्तर मिळालं असं समजेन.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. दहा पस्तीस.

“आई, स्कूटीची किल्ली!”

बाहेर भुरभुर होती. रेनकोट घरीच राहिला. स्टेशनवर ती पोचली तेव्हा दहा पन्नास झाले होते, आणि फलाटावरचे सगळे जण एकाच दिशेला बघत होते. पुण्याकडच्या टोकाला एक सावळा, किडकिडीत तरुण माशाच्या काट्यासारखा सहा फुटी अँटेना खांद्यावर घेऊन भिजत उभा होता.

“बिघडलेला नाही माझा अँटेना,” ती धापा टाकत म्हणाली.

तो वळला. आवाज कधी ऐकलेला नव्हता, चेहरा पाहिलेला नव्हता. तरी त्याने ओळखलं. अँटेना खांद्यावरून घसरला, तो तिने वरच्यावर झेलला.

“मग… उत्तर का नाही दिलंस?”

“दोनशे पंचावन्न कुणी देतं का रे? मधे एवढा डोंगर आहे!”

हळूहळू सगळं त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे… एकही नाही पोचला?”

“सगळे पोचले. पंधरा मिनिटांपूर्वी.”

त्याने डोळे मिटून घेतले. कान लाल झाले होते. “मग तुला कळलंच. आवडतेस तू मला. फार. पण मी तुला अडवणार नाही, प्रतीक्षा. तू जा.”

“जाणारच आहे,” ती म्हणाली. ओल्या हातांनी फोन काढून तिने त्याच्यादेखत हैदराबादला होकार पाठवला. त्याने कसंबसं हसायचा प्रयत्न केला. तो काही त्याला जमला नाही.

“दोन वर्षं आहेत,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “बाबा आज घरी आहेत. मी जायच्या आत त्यांच्याशी बोलून घे.”

“कशाबद्दल?”

“आपल्या लग्नाबद्दल.”

लोणावळ्याची गाडी आली, थांबली, गेली. सुहासला ती दिसलीसुद्धा नाही. त्याने स्वतःच्या ओल्या शर्टाकडे बघितलं. “आत्ता… असाच? भिजलेला?”

“आईकडे टॉवेल आहे,” प्रतीक्षा म्हणाली, आणि अँटेनाचं दुसरं टोक धरून चालू लागली.