नेवरेकरांची रिबका

भुताला न भिणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो मी. म्हणजे दिवसा. रात्री परसात जायचं झालं की बायको पुढे कंदील घेऊन चालते नि मी मागून तिला धीर देतो. हसा मेल्यांनो, आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझी नाही, धोंडू पाथरवटाची आहे. त्याने स्वतः मला सांगितली, आणि सांगता सांगता त्याच्या हातातला चहा गार झाला. धोंडू चहा गार होऊ देणाऱ्यातला नव्हे.

साल चौऱ्याऐंशी. नोव्हेंबरची तेवीस, शुक्रवार, अमावास्या नुकती सरलेली. इस्रायलहून शलोम नेवरेकर नावाचा तिशीचा माणूस आला होता. ज्यू, पण मूळचा इथलाच. पणजोबाचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आजोबा पलटणीत, बाप बंदरावर कारकून. एकावन्न साली उरलेले सगळे बोटीत बसून गेले. शलोम जन्मला तिकडेच, पण मराठी आईची, तुमच्यापेक्षा शुद्ध.

काम साधं होतं. शहराबाहेर काजूच्या बागेमागे त्यांची दफनभूमी. दगडांवरचं शेवाळ खरवडून धोंडूने नावं मोकळी करायची. वर हिब्रू, खाली आपली अक्षरं. दोन दिवसांत पणजोबा सापडला, आजोबा सापडला. सापडेना ती रिबका, शलोमची थोरली बहीण. बोट सुटायच्या महिनाभर आधी तापाने गेली, तीन वर्षांची. आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. लेकीचा दगड सापडला एवढं कानावर आल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असा तिचा हट्ट.

शुक्रवारी दुपारी तार आली. आईचं काही खरं नाही, निघून ये. पोराबाळांचे सात दगड बघायचे राहिले होते. पण दिवस बुडायला आला तसं शलोमने काम थांबवलं. त्यांचा शनिवार आदल्या संध्याकाळीच लागतो; आता तो मावळेपर्यंत हत्याराला हात नाही, काडीसुद्धा ओढायची नाही. आणि शनिवारी अंधार पडला की त्याची एस्टी. धोंडूचा जीव तुटला. नियम साहेबाचा, छिन्नी आपली, असं म्हणत जेवल्यावर कंदील घेऊन तो एकटाच गेला.

साडेदहा झाले होते. चार दगड मोकळे केले. कुणाकुणाची पोरं... रिबका नाही. पाचव्यावर ‘रि’ दिसला.

कंदील विझला.

वारा नव्हता.

काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली... पण या वेळी फुंकर गालाला लागली. दगडाच्या पलीकडून. धोंडू उकिडवा बसलेला. उकिडव्या माणसाच्या तोंडासमोर तोंड येईल, एवढीच उंची.

तुम्ही पळाला असतात. मी तर घरातून निघालोच नसतो. पण धोंडूच्या डोळ्यांपुढे ती म्हातारी होती. त्याने अंधारातच अक्षरांवर बोट फिरवलं. रि... ब... का. सापडली, या आनंदात त्याने ते मोठ्याने वाचलं.

“रिबका.”

...

“ओ.”

बारीक आवाज. अगदी जवळ.

कंदील तिथेच. छिन्नी तिथेच. धोंडू घरी.

सकाळी त्याने शलोमला सगळं सांगितलं. दोघे चालत गेले, शनिवारी साहेब वाहनात बसत नसे. पाचव्या दगडावर नाव होतं. शलोमने त्यावर हात ठेवला.

मग दोघांनी खाली पाहिलं.

दवाने भिजलेली लाल माती. तिच्यात पावलं. वीतभरसुद्धा नाहीत. अनवाणी. दगडापासून निघालेली... फाटकापर्यंत... फाटकाबाहेर... धोंडूच्या चपलांच्या ठशांच्या कडेकडेने.

परत आलेलं एकही नाही.

धोंडूने हात जोडले. “साहेबा, तुमची बहीण गावली हो. आता तिला आयशीकडे घेऊन जा.”

शलोम पावलांकडेच बघत होता.

“धोंडूभाऊ,” तो म्हणाला, “हाक मी नाही मारली. तुम्ही मारलीत.”