स्पर्शखुजी

"महिन्यातून एकदा पाणी, ऊन नसलं तरी चालतं. मग याला माणूस लागतो कशाला?" डॉ. फातर्पेकरांनी विचारलं.

शर्वरीनं प्रयोगशाळेतल्या दोन कुंड्या पुढे सरकवल्या. एकीतलं रोप बुटकं, दणकट. दुसरीतलं काडीसारखं उंच.

"दोन्ही एकाच झाडाची कलमं. पहिल्याला रोज कुरवाळलं, दुसऱ्याला कुणी शिवलं नाही. खोड वाकलं की पेशी ताणल्या जातात आणि वाढ उंचीऐवजी जाडीकडे वळते. बहुतेक झाडांत हे थोडंफार असतंच, स्पर्शखुजीत आपण ते कित्येक पटींनी वाढवलंय. कुंडीतला उंचीमापक फोनवर कळवत राहतो. रोप उंच व्हायला लागलं, की समजायचं, घरातलं माणूस हिंडतंफिरतं नाही."

"म्हणजे म्हाताऱ्यांवर पाळत!"

"आत्यानं कॅमेरा लावू दिला नाही. म्हणाली, मी काय ब्यांक हाय? आणि फोनवर तापानं फणफणत असली तरी ठणठणीत म्हणून सांगते. झाड खोटं बोलणार नाही."

आई गेल्यावर शर्वरीला याच आत्यानं वाढवलं होतं. पहिली स्पर्शखुजी अकोल्याला, आत्याच्या दोन खोल्यांत गेली. येताजाता पानांवरून हात फिरवायचा, एवढीच रोपाची निगा. ते उंच झालं तर मला फोनवर कळेल, हेही शर्वरीनं आत्याला सांगून ठेवलं होतं. उंची जागची हलली नाही. निर्धास्त होऊन शर्वरीनं होळीची रजा मेवर ढकलली.

मे उजाडला आणि शेजारच्या गोदावरीबाईंचा फोन आला. आत्या गेली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर शर्वरी घर आवरत होती. फोन वाजला. 'उंचीत वाढ नाही.' तिनं चमकून पाहिलं. इतक्या दिवसांत रोपाला कुणी हात लावला नव्हता. ते कूलरसमोरच्या स्टुलावर होतं. पानं एकसारखी डोलत होती.

"हे इथं कुणी ठेवलं?"

गोदावरीबाईंनी पदर तोंडाशी नेला. "त्याइनंच ठेवाले लावलं. होळीपासून उठणंच बंद झालं होतं न त्याइचं. आधी पंख्यासमोर ठेव म्हने, मंग कूलरसमोर. पोरीले घोर नको म्हनत."

"पण तिला कसं..."

आणि शर्वरीला आठवलं. होळीच्या आसपास आत्यानं फोनवर विचारलं होतं, "काय वं शरू, वाऱ्यानं हाललं तं त्या झाडाले काय वाटते?"

आत्या आपल्या कामात रस घेतेय म्हणून शर्वरी केवढी हरखली होती! "त्याला फक्त ताण कळतो, आत्या. हात कोणता नि वारा कोणता, ते नाही कळत."

"मंग बरं हाय," आत्या म्हणाली होती. "तू कर आपलं काम."